खालचा पाइप

शहाद्यात, बाजार समितीमागच्या गल्लीत
सुपडू मिस्तरीची एकच अट :
इंजिन गार असताना या.
म्हणून मी सकाळी सहाला येते,
लाळ्या-खुरकूतची लस अजून दवाखान्याच्या फ्रीजमध्ये झोपलेली.

जीप लिलावातली, वनखात्याने टाकलेली.
दाराला खिट्टी, मागच्या काचेला पुठ्ठा,
पण फोर-व्हीलचा दांडा ओढला
की चारही पाय रोवते, अडेल म्हशीसारखी.

तो वरचा पाइप दाबतो
मी गाईचं आचळ दाबून बघते तसा :
कुठे गाठ, कुठे सूज,
कुठे नको इतकं मऊ.
क्लॅम्पजवळ बोट थांबतं.
तेल पिऊन फुगलंय.
"रबर भाईरथीन नही मरस, डॉक्टरबाई,
मझारथीन मरस."

गेल्या वैशाखात हे मला कळलं नव्हतं.

सातपायरीच्या घाटात, चौथ्या वळणाला
काटा लालमध्ये गेला.
थांबले, बॉनेट उघडलं, सगळं ठाकठीक.
उभी असताना पाइप भरलेला, गुबगुबीत,
डॉक्टर आला की शहाण्यासारखं उभं राहणारं जनावर.
पुन्हा चढवली, पुन्हा ताप.
तिसऱ्यांदा फाटलाच, खालचा,
आणि हिरवं पाणी तोरणमाळच्या रस्त्यावर
उतार शोधत निघालं.

झाकणाला हात लावला नाही. एवढं शिकले होते.
सीटवर बर्फाच्या पेटीत अडीचशे मात्रा,
पुढे वाफ काढणारं लोखंड.
पेटीत वितळलेलं दोन-तीन लिटर पाणी असणार.
एकदा झाकणाच्या कडीपर्यंत हात गेला.
परत घेतला.
पेटी उघडायची नसते.

तासाभराने वेस्ता पावरा खालून आला,
दोन बैल, एक प्लास्टिकची कॅन.
मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत होते,
त्याने माझ्या हातातून घेतल्या,
खाटेची दोरी ताणतात तशा ताणून बांधल्या.
मग कॅन बैलांकडे नेली, थबकला,
आणि आधी जीपला पाजली.
बैलांनी माझ्याकडे पाहिलं.
ते मी अजून विसरलेले नाही.

सुपडू आता ब्लेडने जुना पाइप उभा चिरतो.
पिरगाळून काढायचा नाही,
रेडिएटरची पितळी मान वाकते.
आत डोकावून दाखवतो :
स्प्रिंग होती तिथे गंजाचा चुरा,
अन् भिंती एकमेकींना चिकटायला मोकळ्या.
जोरात ओढलं की पाइप आतून मिटतो.
"उभी राहस तवय बरी,
चढस तवय आजारी."
त्याच्या सुनेचंही असंच होतं म्हणाला,
पुढे काही बोलला नाही.

नवा पाइप धुळ्यात नाही, जळगावात नाही.
सारंगखेड्याच्या भंगारातून ट्रॅक्टरचा आणलाय,
दोन बोटं जास्त लांब. मापाने कापतो,
नवी स्प्रिंग आत सरकवतो,
साबणाचं पाणी लावतो, मनगटाने ढकलतो,
क्लॅम्प कडेपासून जरा आत.
मग कूलंट, हळूहळू,
वरचा पाइप दाबत दाबत,
आत अडकलेली हवा ढेकर देऊन निघेपर्यंत.

जमिनीवर सांडलेल्या हिरव्या डबक्याकडे
गल्लीतलं कुत्रं नाक घेऊन आलंच.
मी पायाने माती ओढते.
गोड लागतं त्यांना ते, आणि मूत्रपिंड जातं.
सुपडू हसतो, पण फावडं आणून देतो.

"वीस किलोमीटर फिरी ये,
गार होऊ दे,
मंग क्लॅम्प परत आवळू."
पैसे तेव्हाच घेणार.

परतीला पेटी घेते, मोजते, अडीचशे.
डिकीत कॅन एक नाही, तीन.
एकीवर खडूने लिहिलंय : बैल.